एलिजिओची पाटी

जेवणं झाली, खरकटी उचलली गेली, जावई आनिएल्लोने खुर्चीत मागे रेलून पट्टा सैल केला, तरी कांदिदाने सुनेला उत्तर दिलेलं नव्हतं.

आठवड्यापूर्वी पहाटेच्या मिस्सेहून परतताना ऑर्नेलाने, तिच्या गेलेल्या मुलाच्या, एलिजिओच्या बायकोने, तिला जिन्यात थांबवलं होतं. अंधारात एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते, म्हणूनच बहुधा तिने ती जागा निवडली असावी. तोबिआने लग्नाचं विचारलं आहे, हे तिने सांगितलं. त्याची बदली त्याच्या गावाकडे, उदिनेला झाली आहे आणि वसंतात तिथल्या शाळेत रुजू व्हायचं आहे, हेही सांगितलं. देल्फीनाचं काय, हे सांगायची गरज नव्हती. आई जाईल तिथे पोर जाणार. उदिने म्हणजे देशाचं पार वरचं टोक, आगगाडीने अख्ख्या दिवसाचा प्रवास.

“तुम्ही नाही म्हणालात, तर मी त्याला नाही म्हणेन, आई,” ऑर्नेला म्हणाली होती. “रागाने नाही. मनापासून. मला दुसरी आई नाही.”

कांदिदा म्हणाली, नाताळच्या दिवशी सांगते. मग नोव्हेनाचे, नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, उरलेले दिवस ती रोज उजाडायच्या आत देवळात जाऊन गुडघ्यांवर बसली. नेमाप्रमाणे दुपारी नुसतं सार प्यायली, गोडाला शिवली नाही. दुसरं काही मागितलं नाही, फक्त काय बोलू तेवढं सुचव, इतकंच. पण देव तिच्याशी कधीच मोठ्याने बोलत नसे. याही वेळी बोलला नाही.

आणि आता तो माणूस तिच्या टेबलाशी बसला होता. उंच, किंचित पोक काढलेला, गणिताचा मास्तर, हाताची बोटं खडू धरून धरून कोरडी पडलेली. जेवताना त्याच्याकडून एक घोटाळा झाला होता. फुलकोबी, ऑलिव्ह आणि व्हिनेगरातल्या मिरच्यांची ती सणाची कोशिंबीर आदल्या संध्याकाळी करायची आणि कधी संपवायची नाही. रोज थोडी खायची, रोज नवी भर घालायची, ती जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत चालवायची, अशी त्या शहरातल्या घराघराची रीत. यजमानीण आग्रह करते आहे म्हणून तोबिआने भांडं पावाने पुसून लख्ख केलं. ब्रिजिदाने रिकाम्या भांड्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने देवापुढचा दिवा फुंकला होता. आनिएल्लो मात्र खदखदून हसला आणि म्हणाला, मास्तर, बायकोच्या माहेरी मला जे वीस वर्षांत धाडस झालं नाही ते तुम्ही पहिल्याच दिवशी केलंत.

तोंबोलाची, आकडे पुकारून पाट्यांवरची घरं झाकायच्या नाताळच्या खेळाची, पेटी कपाटावर असायची. ती काढायला कांदिदा आतल्या बोळात गेली, तशी ब्रिजिदा तिच्यामागोमाग आली आणि दार लोटून उभी राहिली.

ब्रिजिदा तिची थोरली. एलिजिओहून सहा वर्षांनी मोठी. तिला मूल नव्हतं. भावाची पोर हीच तिची पोर. देल्फीनाचे झगे तीच शिवायची, शाळेतून तीच आणायची, ताप आला तर उशाशी तीच बसायची. बोळात उभं राहून ती हलक्या आवाजात बोलत राहिली. माणूस वाईट नाही, मान्य. पण तिकडे पोरगी त्यांची बोली बोलेल, त्यांचं खाईल, चार वर्षांनी आपल्याला भेटली की पाहुण्यासारखी हात पुढे करेल. आणि एलिजिओचं नाव तिथे कोण घेणार?

“तुला नाही म्हणायचंसुद्धा नाहीये, आई,” ती म्हणाली. “तू नुसतं गप्प बस. ऑर्नेला समजून जाईल.”

कांदिदाने लेकीच्या गालाला हात लावला. गाल तापलेला होता. ती काही बोलली नाही, आणि न बोलणं म्हणजे आता लेकीला हो म्हटल्यासारखं झालं की काय, या धास्तीनेच पेटी घेऊन बाहेर आली.

त्या घरातला तोंबोला इतरांसारखा नव्हता. शहरात सगळीकडे नव्वद आकड्यांना नव्वद नावं आहेत आणि सोंगटी काढणारा आकडा सांगत नाही, नाव सांगतो. पण त्या नावांत मेलेला माणूस आहे, बोलणारा मेलेला माणूस आहे, रक्त आहे, सुरा आहे, चोर आहे. कांदिदाचा नवरा, व्हिताले, तळणाचं दुकान चालवायचा. देवाचा मुलगा जन्मला त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मढं कशाला, असं म्हणून त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती सगळी नावं मोडीत काढली आणि एकेका आकड्याला खाण्याचं नाव द्यायला सुरुवात केली. नुसत्या पदार्थांची नावं संपली तेव्हा घरातल्या फजित्यांची सुरू झाली. ‘दोनदा मीठ’ म्हणजे नव्या नवरीने, म्हणजे कांदिदानेच, केलेलं पहिलं सार. ‘पळालेली वाम’ म्हणजे ब्रिजिदा जन्मली त्या नाताळात परातीतून उडी मारून बाळंतिणीच्या खाटेखाली शिरलेली जिवंत वाम, जिच्या भीतीने सुईण स्टुलावर चढून उभी राहिली. ‘तिसरं वाढप’ आनिएल्लोचं. ‘जळका मध’ ऑर्नेलाचा, या घरातल्या तिच्या पहिल्या सणाचा. मधात घोळायच्या तळलेल्या गोळ्या त्या वर्षी काळ्या निघाल्या होत्या आणि एलिजिओने त्या एकट्याने संपवल्या होत्या.

बक्षिसंही खाण्याचीच. ओळीत दोन घरं झाकली तर एक कडक बदामी कडं, तीन झाकली तर सुकं अंजीर, चार झाकली तर चिक्कीचा तुकडा, पाचांची पूर्ण ओळ म्हणजे वाटीभर मधातल्या गोळ्या. आणि अख्खी पाटी भरली तर आदल्या रात्रीच्या तळलेल्या वामेचा शेवटचा तुकडा, जो कांदिदा मुद्दाम झाकून ठेवायची.

घरं झाकायला ज्याचं त्याचं ठरलेलं. ब्रिजिदाचे हरभरे, आनिएल्लोचे अक्रोडाचे गर, देल्फीनाच्या मसुरा. एलिजिओची मोसंब्याची साल. तो ती नखाने बारीक बारीक तोडायचा आणि डाव संपेपर्यंत टेबलाला तिचा वास यायचा. त्याची पाटीही ठरलेली होती, लहानपणापासून एकच. तो गेल्यानंतरच्या प्रत्येक नाताळात कांदिदा बाकीच्या पाट्या वाटण्याआधी ती पाटी काढून स्वतःच्या डाव्या हाताशी ठेवायची आणि साल तोडून त्याची घरं स्वतः झाकायची. ती पाटी जे जिंकेल ते दुसऱ्या दिवशी नन्सच्या अन्नछत्रात जायचं. यावर घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बोलायचं काय होतं.

ती टेबलाशी येऊन बसली. डोक्यात ब्रिजिदाचं बोलणं घोळत होतं. तिने नव्वद आकड्यांचा मोठा पाट पुढ्यात मांडला, सोंगट्यांची वेताची टोपली मांडीवर घेतली आणि पाट्यांचा गठ्ठा, पाहुणा आधी म्हणून, उचलून तोबिआसमोर सरकवला. त्याने वरची एक घेतली. बाकीच्या इतरांनी घेतल्या. ऑर्नेला स्वयंपाकघरात होती. कॉफी करते म्हणून उठली होती, पण एवढ्याशा कॉफीला इतका वेळ लागत नाही हे सगळ्यांना कळत होतं. ती उत्तराला घाबरून आत उभी होती.

पहिली सोंगटी निघाली. “सासूचा उपास,” कांदिदा म्हणाली.

तोबिआने वर पाहिलं आणि नम्रपणे विचारलं की कोणता आकडा.

“इथे आकडा बोलत नाहीत,” ब्रिजिदा म्हणाली.

देल्फीना त्याच्या शेजारी बसली होती. तिला सांगायची घाई झाली होती, पण दुसऱ्याच्या पाटीत नाक खुपसायचं नाही हा आजोबांचा नियम ती विसरत नसे, म्हणून तिने फक्त आपल्या पाटीवर मसूर ठेवली आणि बोट तिथेच जरा रेंगाळू दिलं. मास्तर हुशार निघाला. तिचं बोट बघून त्याने आपल्या पाटीवरचा तोच आकडा शोधला. झाकायला काय, म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर पुढ्यात मोसंब्याची साल पडली होती. जेवणानंतर त्यानेच सोललेलं मोसंबं. त्याने सालीचा तुकडा तोडून घरावर ठेवला.

तो वास कांदिदाच्या नाकात शिरला, आणि तिचा डावा हात आपोआप टेबलावर सरकला, पाटी शोधत. तिथे नुसतं टेबल होतं.

तिने समोर पाहिलं. मास्तरच्या बोटांखालच्या पाटीचा एक कोपरा दबलेला होता. त्यावर बारीक दातांचे ठसे होते. दात येत होते तेव्हा मांडीवर बसून एलिजिओने तो कोपरा चघळला होता. व्हितालेने पाटी टाकून द्यायला काढली होती आणि तिनेच ती चुलीशी धरून वाळवली होती.

ती विसरली होती. कुणी काढून घेतलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. तिचा स्वतःचा हात विसरला होता.

आता इतरांनीही पाहिलं. आनिएल्लोचं चघळणं थांबलं. ब्रिजिदा म्हणाली, थांबा जरा, आणि तिचा आवाज असा होता की तोबिआने बोटं वर उचलली.

“ती बाबांची पाटी आहे,” देल्फीनाने त्याला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, त्याला ठाऊक नाही म्हणून.

मास्तरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो उठला, सालीचा तुकडा घसरू नये म्हणून पाटी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि टेबलाला वळसा घालून कांदिदाकडे येऊ लागला. आपल्याला माहीत नव्हतं, असं काहीतरी तो पुटपुटत होता.

पण आनिएल्लोने त्याची बाही धरली. घर झाकलेली पाटी हातातून हातात जात नाही, तो म्हणाला, मोडायचा तर डाव मोडा, पाटी बदलता येत नाही, सासऱ्यांचा नियम आहे. आयुष्यात त्याने सासऱ्याचा एकही नियम पाळला नव्हता, आणि बायको आपल्याकडे कशी बघते आहे हे त्याला दिसत होतं, तरी त्याने बाही सोडली नाही.

“नियम खेळाचे असतात,” ब्रिजिदा म्हणाली. “हा खेळ नाही.”

“मग गेली चार वर्षं आपण काय करतोय?” आनिएल्लोने हळूच विचारलं.

ब्रिजिदा नवऱ्याकडे बघतच राहिली. लग्न झाल्यापासून तो भावाच्या बाबतीत तिच्याविरुद्ध एक अक्षर बोलला नव्हता. मग तिने आईकडे पाहिलं. सगळेच आईकडे पाहत होते. स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं फुरफुरू लागलं होतं आणि ते कुणी उतरवत नव्हतं.

“बसा,” कांदिदा म्हणाली. “डाव अर्ध्यात मोडत नाहीत.”

चांगुलपणाने म्हणाली असं नाही. दुसरं काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही, इतकंच.

डाव पुढे चालू झाला. पण आता देल्फीना बिचकली होती. आत्याच्या धाकाने ती मसूर ठेवून बोट चटकन मागे घेई. तोबिआला नावं कळत नव्हती आणि विचारायचं धैर्य उरलं नव्हतं. पाठ ताठ करून, अनोळखी देवळात बसावं तसा तो बसून राहिला.

“जळका मध,” कांदिदाने पुकारलं.

ते घर एलिजिओच्या पाटीवर होतं. सगळ्यात वरच्या ओळीत, शेवटून दुसरं. कांदिदाला पाटी समोर लागत नव्हती, जपमाळेतले मणी जसे बोटांना कळतात तशी ती तिला कळत होती. मास्तरचा हात हलला नाही. ती क्षणभर थांबली आणि पुढची सोंगटी काढली. पुढची निघाली की मागची गेली, हाही नियमच. मग फुलकोबीची भजी निघाली. ते घरही त्या पाटीवर होतं. तेही गेलं. आणि तिच्या मनात कुठेतरी, तिला लाज वाटावी असं, बरं वाटलं. राहू दे उघडी. त्याची घरं कुणा दुसऱ्याच्या हातून झाकली जायला नकोत.

ब्रिजिदाने ते पाहिलं होतं. तिचे खांदे सैल पडले. आई आपल्या बाजूला आली, असंच तिला वाटलं असणार.

आनिएल्लोला दुक्कल लागली. देल्फीनाला तिक्कल लागली आणि तिने अंजीर घेऊन त्याचा अर्धा भाग न विचारता मास्तरच्या पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, तुझ्या बक्षिसातलं मी कसं घेऊ? ती म्हणाली, आमच्याकडे घेतात.

मग कांदिदाने टोपलीत हात घातला, सोंगटी काढली, डोळ्यांजवळ धरली, आणि लगेच पुकारली नाही.

“काय आहे, आई?” ब्रिजिदाने विचारलं.

“खिशातलं अंजीर,” कांदिदा म्हणाली.

ब्रिजिदाने नजर मांडीवर वळवली. हे नाव एलिजिओचं होतं, सात वर्षांचा असताना त्याने स्वतः ठेवलेलं. पाटीवर ते मधल्या ओळीत होतं, डावीकडून तिसरं. देल्फीनाने ओठ आत दाबून धरले होते आणि ती मास्तरकडे बघत नव्हती, आजीकडे बघत होती. मास्तर सालीचा तुकडा चिमटीत धरून बसला होता. कधीतरी आपल्यालाही काही कळेल, अशा आशेने.

आता पुढची सोंगटी काढायची होती. कांदिदाचा हात टोपलीवर तसाच राहिला. तिला वाटलं, डाव हा मास्तर हरत नाही. हरतो आहे तो एलिजिओ.

“मधली ओळ बघा,” ती म्हणाली. “डावीकडून तिसरं घर.”

“आई,” ब्रिजिदा म्हणाली.

“पुकारणाऱ्याने सांगितलं तर चालतं. नियम शेजाऱ्यांना आहे.” मग तोबिआकडे वळून, त्याने साल नीट घरावर ठेवली ना हे पाहून, ती म्हणाली, “तुम्हाला नाव विचित्र वाटलं असेल.”

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हो, वाटलं, आणि विचारलं की अंजीर कुणाच्या खिशातलं.

तेव्हा तिने सांगितलं. नाताळच्या मिस्सेला एलिजिओने नव्या कोटाच्या खिशात अंजिरं लपवून नेली होती. बिशप स्वतः आले होते. गुडघ्यांवर बसायची वेळ आली आणि अंजीर दबलं, कोटातून गळून बाकाला चिकटलं. कोट बाकाला, पोरगा कोटाला. सगळं देऊळ उठून उभं राहिलं तरी हा आपला खाली वाकलेलाच. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, केवढी भक्ती लेकराची.

मास्तर हसला. आधी संकोचून, मग न राहवून. आणि विचारलं, मग पुढे काय झालं.

पुढे काय झालं. हा प्रश्न त्या टेबलाशी किती दिवसांत कुणी विचारला नव्हता. कांदिदाला एकदम उमगलं की एलिजिओ गेल्यापासून ही गोष्ट तिने एकदाही सांगितली नव्हती. सांगणार कुणाला? घरात प्रत्येकाला ती पाठ होती. ब्रिजिदाला, आनिएल्लोला, सुनेला, पोरीलासुद्धा. सगळ्यांना सगळं माहीत, म्हणून कुणी बोलायचं नाही, आणि न बोलता बोलता तो त्या पाटीत, त्या सालीच्या तुकड्यांखाली, दर वर्षी थोडा थोडा मुका होत चालला होता. तिनेच त्याला तसा ठेवला होता. सांभाळते आहे असं समजून.

“पुढे मार मी खाल्ला,” ब्रिजिदा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती अजूनही मांडीकडेच बघत होती.

“त्याने बाबांना सांगितलं, ताईने दिली अंजिरं. मी मोठी. बाबांनी मलाच धरलं. आणि रात्री हा आला माझ्या पांघरुणात, चिकट हात घेऊन, उरलेलं एक अंजीर मला द्यायला.” तिने झग्याची सुरकुती सरळ केली. “धुतलंसुद्धा नव्हतं मेल्याने.”

देल्फीना म्हणाली, हे तर मला माहीत नव्हतं. खरंच, हे कांदिदालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर डाव रखडतच गेला. कांदिदा सोंगटी काढी, नाव पुकारी, आणि ते एलिजिओच्या पाटीवर असलं की घर सांगे. मग तोबिआ साल ठेवायच्या आधी वर बघे, आणि तिला गोष्ट सांगावी लागे. वामेचं सांगून झालं, दोनदा मिठाचं झालं. दोनदा मिठाचं ती स्वतः सांगताना इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. गोष्ट चुकीची सांगते आहे म्हणून ब्रिजिदा दोनदा मध्ये बोलली, आणि तिसऱ्यांदा तिने सगळी स्वतःच सांगितली. आनिएल्लोने अचानक हात वर करून, पाटी भरली म्हणून, तोंबोला म्हटलं, पण तपासायला गेलं तर त्याच्या पाटीवर जेमतेम चार गर शिल्लक होते. बाकीचे गोष्टी ऐकता ऐकता त्याने खाऊन टाकले होते. घरं उघडी आणि पोट भरलेलं, याला जिंकलं म्हणायचं का, यावर बरीच वादावादी झाली आणि शेवटी वामेचा तुकडा देल्फीनाच्या ताटात गेला.

एलिजिओची पाटी काही जिंकली नाही. आधी हुकलेली ती दोन घरं उघडीच राहिली होती.

ऑर्नेला कधीतरी दारात येऊन उभी राहिली होती. हातात कॉफीचा ट्रे. तिने तोबिआच्या पुढ्यातली पाटी पाहिली, तिच्यावरची मोसंब्याची साल पाहिली, आणि जागच्या जागी थबकली. काय घडून गेलं हे तिला कळेना. ती एकेकाच्या चेहऱ्यावर शोधत होती आणि सासूच्या चेहऱ्याशी येऊन थांबली.

तोबिआने पाटीवरचे तुकडे एकेक करून वेचले. कोटाच्या बाहीने पाटी पुसली, चघळलेल्या कोपऱ्यावरून अंगठा हळूच फिरवला, आणि उठून ती कांदिदासमोर धरली.

“तुम्हीच ठेवा ही,” तो म्हणाला. “मी घ्यायला नको होती.”

कांदिदाने पाटी घेतली. तिला वाटलं होतं की हातात आली की ती छातीशी धरेल. पण ती तिने टेबलावर ठेवली, त्याच्या खुर्चीसमोर, जिथे होती तिथेच.

आता बोलायला हवं होतं. ती कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नव्हती, म्हणून पाटीकडे बघूनच बोलली.

“ही या घराबाहेर जायची नाही,” ती म्हणाली. “उदिनेलाही नाही. ती या पेटीतच राहणार. तुम्हाला खेळायची असेल तर दर नाताळला इथे यावं लागेल. कितीही लांब असलात तरी. बायकोला आणि पोरीला घेऊन.”

देल्फीनाला पूर्ण कळलं नव्हतं, पण ती मास्तरच्या बाहीला बिलगून बसली. ब्रिजिदा खुर्ची मागे सारून उठली आणि खिडकीशी जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. आनिएल्लो तिच्यामागे गेला. तिने त्याचा हात खांद्यावरून काढला नाही, पण वळलीही नाही. तिची समजूत कांदिदाला उद्या घालावी लागणार होती, परवाही, आणि पोरगी गेल्यावर कितीतरी दुपारी दोघींना तिच्या रिकाम्या खोलीत एकमेकींसमोर बसावं लागणार होतं. ते सगळं कांदिदाला दिसत होतं. तरी बोललेला शब्द परत घ्यावा असं तिला वाटलं नाही.

“येऊ दर वर्षी,” तोबिआ म्हणाला. तो शब्द देताना गणिताच्या मास्तरसारखा नव्हता बोलत. त्याने बाहीवरचा देल्फीनाचा हात धरला.

ऑर्नेलाने ट्रे टेबलावर ठेवला. कपांतली कॉफी बशांत हिंदकळली.

“आई,” ती म्हणाली.

“बस,” कांदिदा म्हणाली. “ट्रे बाजूला सार आणि तुझी पाटी घे. एक डाव अजून होईल उजेड आहे तोवर.”

तिने सोंगट्या गोळा करून टोपलीत भरल्या आणि वर हात ठेवून टोपली उचलली. ती दोनदा नीट हलवली. ऑर्नेलाने पाटी पुढ्यात ओढल्यावर तिने पहिली सोंगटी काढली.